लहान खांद्यासाठी दुर्बीण

ऑक्टोबर उजाडला की विस्कॉन्सिन, मिनेसोटा, मिशिगनकडच्या बंदुकीच्या दुकानांत एक ठरलेले दृश्य दिसते. अकरा-बारा वर्षांचे पोर, शेजारी बाप, काउंटरवर आखूड रायफल आणि तिच्यावर तिच्याहून दांडगी दुर्बीण. ४ ते १६ पट, पुढचे भिंग ५० मिलिमीटरचे. पोर रायफल खांद्याला लावते, मान पुढे काढते, गाल दस्त्यावरून उचलते, तरी भिंगाच्या कडेला काळी चंद्रकोर दिसतच राहते. विक्रेता म्हणतो, सवय होईल. ती होत नाही. होते ती एवढीच, की मूल चित्र नीट दिसण्यापूर्वीच चाप ओढायला शिकते.

मुलाच्या रायफलची दुर्बीण घेताना पटींचा आकडा सर्वांत शेवटी बघावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी मुलाची मान, गाल, डोळा आणि अंगातले जाकीट. मग दुर्बीण रायफलीवर बसवणारे बेस आणि रिंगा. मग वजन. एवढे जमल्यावर जी दुर्बीण उरते तिच्या पटी किती, हे वाचून घ्यायचे. बहुधा त्या पुरेशा असतात.

अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी मुलांपैकी काहींना शाळासोबत्यांमुळे हरणाच्या हंगामाची ओढ लागते. विस्कॉन्सिनमध्ये थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो, आणि गावाकडच्या भागात तो सणासारखाच असतो. घरी मात्र या बाबतीत सांगणारे कोणी नसते. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, त्यामुळे आपल्या पिढीने रायफल पाहिली ती एनसीसीत, नाहीतर टीव्हीवर. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये विश्वविजेत्या झाल्या, स्वप्नील कुसाळे यांनी २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवले. नेमबाजी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ही चित्रे येतात. तो खेळ थोर, पण त्यातले ज्ञान इथे जसेच्या तसे उचलता येत नाही. त्या रायफलींवर दुर्बीण चालतच नाही, बारीक भोकातून पाहायचे असते. अंतर ठरलेले, लक्ष्य स्थिर, अंगावर घट्ट बेतलेले चामडी जाकीट. जंगलात अंतर ठाऊक नाही, उजेड अपुरा, अंगावर स्वेटरवर स्वेटर, आणि समोरचे जनावर केव्हाही पाऊल उचलेल. तेव्हा पुण्याच्या काकांनी फोनवर दिलेला सल्ला आदराने ऐकावा आणि दुकानात वेगळा विचार करावा.

कायद्याचे आधी उरकून घेऊ. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारीचा परवाना घ्यायला हंटर एज्युकेशनचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. टेक्सासमध्ये ही तारीख २ सप्टेंबर १९७१ आहे. अभ्यासक्रम न केलेल्यांसाठी विस्कॉन्सिनमध्ये मार्गदर्शकासोबत शिकार करण्याची सोय आहे, पण तो मार्गदर्शक हाताच्या अंतरात असावा लागतो आणि वयाच्या नियमात बसत असेल तर त्याच्याकडेही प्रमाणपत्र हवे. म्हणून मुलाबरोबर आई किंवा बाबा यांनीही वर्गात बसावे हे बरे. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत, आणि ते बदलतात. त्या वर्षीचे पुस्तक वाचावे. दुसरी गोष्ट आपल्या लोकांसाठी जास्त महत्त्वाची. एच-१बी, एच-४, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला बंदी आहे. त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यांतला एक म्हणजे राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही अडचण नाही. पण परवान्याची मुदत संपली आणि रायफल कपाटातच राहिली तर काय, असे प्रश्न उभे राहतात. ते वकिलाला विचारून घ्यावेत, मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटाला नव्हे. दुकानदार अठरा वर्षांखालच्या मुलाला रायफल विकू शकत नाही, त्यामुळे ती मोठ्या माणसाच्या ताब्यात, कुलपात, आणि काडतुसे वेगळ्या कुलपात.

आता रायफल. ‘कॉम्पॅक्ट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या रायफलीत दोन गोष्टी आखूड असतात, बॅरल आणि दस्ता. रुगर अमेरिकन कॉम्पॅक्टचे बॅरल १८ इंचांचे, आणि चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचे अंतर साडेबारा इंच. मोठ्या माणसाच्या रायफलीत हे अंतर साडेतेरा इंच किंवा किंचित जास्त असते. मॉसबर्ग पेट्रियट सुपर बँटमला मागे चकती बसवून ते बारावरून तेरापर्यंत नेता येते. मुलाच्या कोपराच्या खोबणीत दस्त्याचे टोक टेकवून तर्जनी चापापर्यंत सहज पोचते का, ही जुनी चाचणी ढोबळ आहे पण सुरुवातीला पुरते. दुर्बिणीशी या अंतराचा थेट संबंध आहे. दस्ता एक इंच लांब असला तर डोळा एक इंच मागे राहतो, आणि मग जगातली कुठलीही दुर्बीण नीट दिसत नाही. दस्ता मापाचा नसेल तर दुर्बिणीवर पैसे घालू नयेत.

काडतूस कोणते, यावरही दुर्बीण ठरते. मुलांसाठी .२४३ विंचेस्टर हे १९५५ पासूनचे आवडते नाव, आणि ७ एमएम-०८ रेमिंग्टन १९८० पासून. .२४३चा धक्का .३०-०६च्या साधारण निम्मा असतो. ओहायोसारख्या राज्यात हरणासाठी सरळ भिंतीची काडतुसेच चालतात. तिथे २०१९ साली आलेले .३५० लेजंड मुलांच्या हाती दिसते, आणि त्याचा उपयोग दीडशे यार्डांच्या आतच. होर्नाडीच्या कस्टम लाइटसारखी कमी धक्क्याची काडतुसेही मिळतात. या सगळ्याचा अर्थ एवढाच, की मुलाची शिकार शंभर यार्डांच्या आसपासची आहे. त्यापलीकडे नेम लागत असला तरी मारू देऊ नये.

दुर्बिणीत पहिली पाहायची गोष्ट म्हणजे आय रिलीफ. डोळा मागच्या भिंगापासून ज्या अंतरावर ठेवला असता पूर्ण गोल चित्र दिसते, ते हे अंतर. मुलाच्या रायफलीसाठी ते साडेतीन इंचांच्या खाली नसावे. चार मिळाले तर उत्तम. मुले मान पुढे घालून चित्र शोधतात. आखूड, हलकी रायफल मागे येते तेव्हा दुर्बिणीची कडा भुवईवर बसते, आणि अर्धचंद्राकार खोक पडते. मोठी माणसे त्या खुणेच्या गोष्टी हसत सांगतात. दहा वर्षांच्या मुलाला ती एकदा लागली की पुढच्या प्रत्येक गोळीला त्याचा डोळा आधीच मिटतो, आणि तो चापाआधी मिटणारा डोळा सोडवायला पुढचा उन्हाळा जातो. .२२ रायफलीच्या दुर्बिणी स्वस्त असतात म्हणून इथे बसवण्याचा मोह होतो. बसवू नये. त्यांचे आय रिलीफ अनेकदा कमी असते, त्या धक्क्यासाठी घडवलेल्या नसतात, आणि त्यांचा पॅरॅलॅक्स (डोळा हलला की नेमाची खूण लक्ष्यावरून सरकलेली दिसणे) पन्नास-साठ यार्डांना जुळवलेला असतो. मोठ्या काडतुसाच्या दुर्बिणीत तो शंभर किंवा दीडशेला जुळवतात.

आकड्यांच्या खाली लपलेली आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे डोळा थोडा इकडे-तिकडे सरकला तरी चित्र टिकते का. काही दुर्बिणींत डोळा मिलिमीटरभर हलला की काळोख. याला आकडा नसतो. दुकानात मुलाच्या हाती देऊनच कळते. मुलाला डोळे मिटायला सांगा, रायफल आपसूक खांद्याला लावू द्या, गाल टेकू द्या, मग डोळे उघडायला सांगा. पूर्ण गोल दिसला तर पुढचे बोलू. डोके हलवून गोल शोधावा लागला तर ती दुर्बीण काउंटरवर परत.

आता पटी. शंभर यार्डांवर २ पटीला दिसणारे क्षेत्र चाळीस फुटांहून रुंद असते. ९ पटीला ते जेमतेम तेरा-चौदा फूट उरते. हरिण झाडांमागून येते तेव्हा मुलाला ते सापडले पाहिजे, आणि सापडते ते रुंद क्षेत्रात. ज्याने पटी वाढवून ठेवल्या आहेत त्याला भिंगात नुसती फांदी दिसते, की पानांचा ढीग, की कातडीचा तपकिरी तुकडा, हे त्यालाच कळत नाही. शिवाय पटी वाढल्या की हाताचा कंपही तितकाच मोठा दिसतो. क्रॉसहेअर नाचते आहे म्हणून मूल घाबरते आणि ते क्षणभर जागेवर आले की चाप हिसकते. ४ पटीत तोच कंप असतो, पण जाणवत नाही, आणि हरणाच्या छातीतली आठ-एक इंचांची जागा शंभर यार्डांवर भरपूर मोठी दिसते. म्हणून २ ते ७ पटीची दुर्बीण मला मुलांसाठी सर्वांत योग्य वाटते. ३ ते ९ पटीची ४० मिलिमीटरवाली सगळीकडे मिळते, स्वस्तही पडते. तीही चालेल, पण तिची चकती ४ वर ठेवून द्यावी. ठरावीक ४ पटीची दुर्बीण मिळाली तर सोन्याहून पिवळे. फिरवायला काही नाही, विसरायला काही नाही. दुर्दैवाने कंपन्या आता अशा फार कमी करतात.

पुढचे भिंग मोठे असले तर उजेड जास्त मिळतो, हे अर्धेच खरे आहे. भिंगाचा व्यास भागिले पटी केली की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. ३२ मिलिमीटरचे भिंग ४ पटीवर ८ मिलिमीटरचा झोत देते. लहान मुलाची बाहुली गडद अंधारात सुमारे ७ मिलिमीटर उघडते. म्हणजे त्या वेळी ५० मिलिमीटरचे भिंग लावले तर साडेबारा मिलिमीटरचा झोत मिळेल, आणि त्यातला बराचसा बाहुलीच्या बाहेरच सांडेल. बऱ्याच राज्यांत सूर्योदयाच्या अर्धा तास आधी नेम धरता येतो, ती अंधुक वेळ ३२-३३ मिलिमीटर व्यवस्थित निभावून नेते. मोठ्या भिंगाने होते काय, तर दुर्बीण बॅरलपासून वर उचलावी लागते, मुलाचा गाल दस्ता सोडतो, आणि आपण पहिल्या परिच्छेदातल्या दुकानात परत येतो. कोटिंग चांगले असलेले छोटे भिंग हे मोठ्या फिक्या भिंगापेक्षा केव्हाही बरे.

वजनाचे गणित साधे आहे. आखूड रायफल सहा पौंडांची, त्यावर दीड पौंडाची दुर्बीण म्हणजे चौथाई बोजा, तोही सगळा वर. रायफल वरून जड झाली की मुलाच्या हातात कलंडते. २ ते ७ पटीच्या चांगल्या दुर्बिणी अकरा ते चौदा औंसांच्या आसपास येतात. ल्यूपोल्ड व्हीएक्स-फ्रीडमची २-७x३३ अकरा औंसांची आहे. ३० मिलिमीटर नळीला इथे काही काम नाही, १ इंचाची पुरते. मोठे उघडे टरेट, अंतरांची जाळी काढलेली रेटिकल, बाजूला पॅरॅलॅक्सची चकती, यांतले काहीही नको. साधे डुप्लेक्स क्रॉसहेअर, ज्याच्या काड्या बाहेर जाड आणि मध्याशी बारीक असतात, ते संधिप्रकाशातही दिसते आणि मुलाला निवड करायला लावत नाही.

रेड डॉटचा विचार जरूर करावा. स्वीडनच्या एमपॉइंटने १९७५ साली पहिले इलेक्ट्रॉनिक रेड डॉट आणले. त्यांच्या छोट्या मायक्रो मालिकेत एका बॅटरीवर सुमारे पन्नास हजार तास चालणारी साधने आहेत. रेड डॉटला आय रिलीफची अडचणच नाही. डोळा पुढे असो, मागे असो, ठिपका दिसतो. ज्या मुलाला दस्ता अजून थोडा मोठा आहे, किंवा दर सहा महिन्यांनी जे उंच होते आहे, त्याच्यासाठी हे वरदान. वजनही चार-पाच औंसांत. दोन अडचणी मात्र आहेत. ठिपका २ एमओएचा (एमओए म्हणजे शंभर यार्डांवर सुमारे एक इंच भरणारे कोनाचे माप) असला तर शंभर यार्डांवर तो दोन इंच झाकतो. ते चालते, पण मोठे करून काहीच दाखवत नसल्याने शिंग आहे की फांदी हे मुलाला सांगता येत नाही. आणि डोळ्यात अ‍ॅस्टिग्मॅटिझम असेल तर ठिपका फुटून तारा होतो. आपल्या मुलांत चष्म्याचे प्रमाण पाहता ही चाचणी दुकानातच करावी. पन्नास-साठ यार्डांच्या दाट रानात, झाडावरच्या मचाणातून, मी मुलाला रेड डॉट देईन. मोकळ्या शेताच्या कडेला २ ते ७.

चष्म्याबद्दल थोडेसे. मुलाने चष्मा लावूनच नेम धरावा. तो डोळ्याचे रक्षणही करतो. दुर्बिणीच्या मागच्या चकतीने क्रॉसहेअर स्पष्ट करायचे असते, हरिण नव्हे. पांढऱ्या आकाशाकडे एकदोन सेकंदच पाहू द्या, नाहीतर मुलाचा डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि चकती चुकीच्या जागी राहते. सूर्याकडे वळू देऊ नका, हे सांगायला हवेच. कोणता डोळा प्रबळ आहे तेही आधी तपासा: दोन्ही हातांच्या बेचक्यातून लांबची वस्तू पाहायला लावा आणि एकेक डोळा मिटायला सांगा. उजव्या हाताच्या मुलाचा डावा डोळा प्रबळ निघाला तर डाव्या खांद्यावरून शिकवावे का, हा प्रश्न आत्ताच सोडवा. दुर्बीण बसवल्यावर सोडवणे महाग पडते.

आता बेस आणि रिंगा. लोक चारशे डॉलरच्या दुर्बिणीखाली पंधरा डॉलरच्या रिंगा लावतात आणि नेम हलला की दुर्बिणीला शिव्या देतात. उलटे करावे. दोनशे डॉलरची दुर्बीण चांगल्या रिंगांत घट्ट बसली की वर्षानुवर्षे हलत नाही.

रायफलीवर काय आहे ते आधी पाहा. काही रायफली पिकॅटिनी रेल लावूनच येतात. काहींना वीव्हर धाटणीचे दोन बेस असतात. टिक्काच्या डोक्यावर १७ मिलिमीटरचा डव्हटेल कोरलेला असतो आणि शिवाय स्क्रूची भोकेही. जुन्या सीझेड ५२७वर १६ मिलिमीटरचा. एका मिलिमीटरचा फरक, पण एकाची रिंग दुसऱ्यावर बसत नाही. वीव्हर आणि पिकॅटिनी दिसायला जुळी भावंडे. वीव्हरची खाच सुमारे ४.६ मिलिमीटर रुंद, आणि खाचांमधले अंतर ठरलेले नाही. पिकॅटिनीची खाच ५.२ मिलिमीटर, आणि दर दहा मिलिमीटरवर एक. अमेरिकन सैन्याने १९९५ साली हे माप पक्के केले. म्हणून वीव्हरच्या रिंगा पिकॅटिनीवर बहुधा बसतात, उलटे बहुधा होत नाही.

मुलाच्या रायफलीवर मी पिकॅटिनी रेल पसंत करतो. तिने दुर्बीण किंचित वर जाते, हे खरे, आणि वरून काडतूस भरायला बोटांना जागा कमी मिळते. पण मूल वाढते, दस्ता लांब होतो, दुर्बीण मागे घ्यावी लागते. रेलवर ती एक खाच मागे जाते, तर दोन सुट्या बेसवर कधीकधी नळी पुरतच नाही. छोट्या दुर्बिणींची सरळ नळी आखूड असते, हे विकत घेताना मोजावे. बेस आणि रिंग एकाच तुकड्यात असलेले टॅलीचे हलके माउंट उंचीला सर्वांत कमी आणि वजनाला नगण्य. ज्या मुलाची उंची आता स्थिर झाली आहे त्याला ते सुंदर. वीस एमओए उताराची रेल लांब पल्ल्याची चैन आहे, इथे नको. काढता-घालता येणारे खटक्याचे माउंटही नकोत. मुलांना खटके आवडतात.

रिंगांची उंची शक्य तितकी कमी. पुढचे भिंग बॅरलला टेकू नये, मध्ये दोन-तीन मिलिमीटर फट हवी. झाकण लावल्यावरही ती राहते का बघा. मग बोल्ट पूर्ण उघडून मागे-पुढे करा; बोल्टचा दांडा किंवा मुलाच्या हातमोज्यातली बोटे दुर्बिणीच्या मागच्या भागाला घासत असतील तर एक पायरी वरच्या रिंगा घ्याव्या लागतील. रुगर अमेरिकनसारख्या सत्तर अंशांत उघडणाऱ्या बोल्टला इथे फायदा मिळतो, नव्वद अंशवाल्याला कमी. उंच रिंगा घेणे भागच पडले तर दस्त्यावर गालाखाली पट्ट्याने बांधायची गादी मिळते. तिने गाल वर येतो. टेप आणि फोमचा तुकडाही तेच काम करतो, दिसायला गबाळा असला तरी.

बसवण्याआधी रायफल रिकामी आहे हे स्वतः पाहा, मुलालाही पाहायला लावा, बोल्ट काढून बाजूला ठेवा, काडतुसे दुसऱ्या खोलीत. बेसचे स्क्रू आणि भोके अल्कोहोलने पुसून तेल काढावे, बेसच्या स्क्रूंना निळ्या थ्रेडलॉकरचा एखादा थेंब. रिंगांच्या वरच्या स्क्रूंना थ्रेडलॉकर लावू नये. घर्षण कमी होते, स्क्रू जास्त आवळला जातो आणि नळी चेपते. आवळायला टॉर्क रेंच घ्यावाच. रिंगांच्या वरच्या स्क्रूंना बहुतेक कंपन्या १५ ते १८ इंच-पौंड सांगतात, बेसच्या स्क्रूंना साधारण २०च्या आसपास. डब्यातल्या कागदावरचा आकडा खरा मानावा. रिंगेच्या दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या राहतील असे थोडेथोडे, आडवेतिडवे आवळत जायचे. दोन रिंगा एका रेषेत नसल्या तर नळीला पीळ बसतो. बरिसच्या सिग्नेचर रिंगांत आत प्लॅस्टिकच्या फिरत्या वाट्या असतात. त्या हा पीळ गिळतात आणि नळीवर ओरखडाही पडत नाही. पहिल्यांदा बसवणाऱ्याने त्या घ्याव्यात.

स्क्रू पूर्ण आवळण्याआधी दुर्बीण पुढे-मागे करून जागा ठरवायची, आणि इथेच बहुतेक घरांत चूक होते. जागा ठरवतात ती बापाच्या डोळ्याने, बैठकीत टी-शर्टवर. ठरवायला हवी ती मुलाच्या डोळ्याने, आणि हंगामात जे घालणार ते जाकीट घालून. जाड जाकीट दस्त्याला इंचभर पुढे ढकलते. नारिंगी जाकीट, टोपी, हातमोजे, कानातले संरक्षण, सगळे चढवा. चकती सर्वांत जास्त पटीवर ठेवा, कारण तिथे आय रिलीफ सर्वांत कमी असते. मुलाला उभ्याने, बसून आणि काठीच्या आधाराने, तिन्ही स्थितींत डोळे मिटून रायफल लावू द्या. पडून नेम धरताना मान पुढे जाते, उभ्याने मागे. जंगलात ते बहुधा बसून, मचाणाच्या कठड्यावर टेकवून मारणार आहे, तेव्हा त्या स्थितीला झुकते माप. कानावरचे मोठे मफ दस्त्याला टेकून डोके वर उचलतात, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. पातळ मफ किंवा कानात बोळे घ्या. सरावाला दोन्ही. आखूड बॅरलचा आवाज लांब बॅरलहून कर्कश असतो, आणि पुढे मझल ब्रेक बसवला तर धक्का कमी होऊन कान जातात. मुलाच्या रायफलीला मझल ब्रेक बसवू नका.

झिरो करण्याचे, म्हणजे गोळी नेमावरच लागेल अशी दुर्बीण जुळवण्याचे, कंटाळवाणे काम मोठ्या माणसाने करावे. मुलाचा खांदा जपून वापरायचा. पंचवीस यार्डांवर मोठ्या कागदापासून सुरुवात. पाव एमओएची एक टिकटिक पंचवीस यार्डांवर इंचाचा सोळावा भाग हलवते, म्हणजे दोन इंच चुकले तर बत्तीस टिचक्या. शंभरावर एका इंचाला चार. .२४३ला शंभर यार्डांवर नेमके शून्य ठेवले तर दीडशेवर गोळी इंच-सव्वा इंच खाली लागते. छातीवर नेम धरणाऱ्या मुलाला त्याचा विचारही करावा लागत नाही. दोनशेला शून्य ठेवून शंभरावर दीड इंच वर मारण्याची रीत मोठ्यांसाठी ठीक. कमी धक्क्याच्या काडतुसावर झिरो करून हंगामात पूर्ण ताकदीचे भरायचे, असे करू नये. दोघांच्या गोळ्या वेगळ्या जागी लागतात. शेवटच्या तीन गोळ्या मुलाला मारू द्या. त्यांचा पुंजका तुमच्या पुंजक्यापासून इंचभर सरकलेला दिसला तर दुर्बीण मुलाच्या पुंजक्यावर आणा, रायफल त्याची आहे.

दुर्बीण कितीही चांगली असली तरी तिच्यातून रान न्याहाळू देऊ नका. झुडपामागचे नारिंगी टोपडे म्हणजे शेजारचा माणूस असू शकतो, आणि मूल त्याच्याकडे रायफल रोखून पाहत असते. मुलाच्या गळ्यात ८ पटीची हलकी दोन डोळ्यांची दुर्बीण अडकवा. रायफलीचे बजेट आखतानाच तिचे शंभर-दीडशे डॉलर बाजूला काढा. आणि उन्हाळ्यात भारतात जाताना जुनी रायफलीची दुर्बीण भाच्यासाठी बॅगेत टाकू नका. अशा साधनांवर अमेरिकेचे निर्यात-निर्बंध आहेत, परवाना लागू शकतो.

पुढच्या ऑगस्टमध्ये, शाळा सुरू होण्याच्या सुमारास, सगळे पुन्हा करावे लागेल. मूल दोन इंच वाढलेले असेल, दस्त्यात एक चकती जास्त जाईल, डोळा मागे जाईल, दुर्बीण एक खाच मागे घ्यावी लागेल, कधी चष्म्याचा नंबरही बदललेला असेल. स्क्रू टॉर्क रेंचने तपासा, बेसचे आधी, रिंगांचे नंतर. दुर्बीण एक खाचही हलवली असेल तर झिरो गेला असे समजून पंचवीस यार्डांपासून पुन्हा सुरू करा, आणि हे सारे हंगामाच्या आदल्या शुक्रवारी करायला ठेवू नका. त्या दिवशी रेंजवर रांग लागते.